भिकबाळीवाले सर

आमच्या सरांची एक गोष्ट हैदराबादेतल्या मराठी मंडळींत बरीच वर्षं फिरते आहे. माणसाचं डोकं थकलं की नाही हे ओळखणारं यंत्र एका गृहस्थांनी बनवलं. परदेशी पाहुण्यांपुढे ते दाखवायची वेळ आली, आणि यंत्र स्वतःच्याच कानाला लावून गृहस्थ खुर्चीत घोरायला लागले! मागच्या गणपतीत काचीगुड्याच्या मंडळात, पुण्याहून नवीनच आलेल्या एका आयटीतल्या मुलाने ही गोष्ट मलाच ऐकवली. त्याने घोरण्याचा आवाजही काढून दाखवला. तो आवाज माझा होता. म्हणजे गोष्ट सांगताना मी जो काढायचो तोच, शेवटी बारीक शिट्टी असलेला. कुणाकुणाच्या तोंडून फिरत फिरत तो माझ्याकडे परत आला होता.

सगळे हसले. सरांची मुलगीही हसली. ती नागपूरला असते, त्या दिवशी नेमकी आली होती. हसून झाल्यावर प्रसादाचा द्रोण घेऊन ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही तर तिथे होतात. बाबा खरंच झोपले होते का हो?"

मी म्हणालो, "हो ना. चांगले घोरत होते."

माझं वय आता असं आहे, की आज बोललेलं खोटं निस्तरायला उद्या वेळ मिळेलच याची खात्री नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

सरांना नमस्कार करणं धोक्याचं असे. तुम्ही हात जोडलेत, की त्यातला एक सोडवून घेऊन ते मनगट पकडत आणि डोळे मिटत. मग तुम्ही रस्त्यात असा, देवळात असा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत पान वाढून तयार असो, ते डोळे उघडेपर्यंत सुटका नाही. उघडल्यावर एखादंच वाक्य. "जिना चढून आलायस. बस जरा, मग बघतो." किंवा, "आज ऑफिसात नुसता बसून आलास ना? खरं सांग." एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवऱ्या मुलाचं मनगट धरून उभे राहिले. मागे रांग लागली. खाली उतरल्यावर मुलीच्या बापाला म्हणाले, "घाबरलाय. पण घाबरायला अक्कल लागते. चांगला आहे." सिटी बसचे कंडक्टर त्यांना ओळखत. हात लांब ठेवूनच ओरडत, "साब, टिकट लेव, हाथ नक्को पकडो!"

त्यांची सगळी नोकरी एका मेडिकल कॉलेजात झाली होती, शरीरक्रियेच्या प्रयोगशाळेत. मुलांपुढे बेडूक फाडून त्याचं हृदय कसं धडधडतं ते दाखवणं हे काम. बेडकांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. "बेडकाच्या हृदयात बेडूक कुठे असतो रे?" असं म्हणायचे. "माणसाच्या हृदयात मात्र माणूस बसलेला असतो. ठोके ऐकले की तो जागा आहे का उठून गेलाय, ते कळतं."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, फार मिश्किल. त्या सांगायच्या, "अंतरपाट दूर झाला आणि ह्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, काय प्रेमळ नवरा मिळाला! वर बघते तर डोळे मिटलेले आणि ओठ हलताहेत. मोजत होते मेले."

सर मोठ्याने हसत आणि म्हणत, "शंभराच्या वर होती!"

"तुमची किती होती?"

"माझी कोण मोजणार?"

एक मात्र खरं. "मी थकलो" असं सर कधी म्हणाले नाहीत आणि दुसऱ्याने म्हटलेलं त्यांना पटलं नाही. त्यांचं मत असं, की माणूस थकलाय हे आधी त्याच्या नाडीला कळतं, मग बायकोला, मग शेजाऱ्यांना आणि सगळ्यांत शेवटी त्याला स्वतःला.

माझा त्यांचा संबंध जडला तो आबिड्सच्या एका कचेरीत. बाहेरच्या देशांची दारं नुकतीच उघडली होती. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे फलक लागले होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. आमच्या मालकांच्या वडिलांचं खाली चपलांचं दुकान. मुलगा परदेशात शिकून आला आणि त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामातले खोके हलवून तिथे कॉम्प्युटर मांडले. त्याला सगळे छोटे साब म्हणत. काम होतं परदेशातल्या वाचनालयांची जुनी सभासद-कार्डं कॉम्प्युटरवर टाइप करण्याचं. नाव, गल्ली, गाव. दिवसभर तेच. कॉम्प्युटरला गारवा लागतो म्हणून एसी. त्यामुळे बाहेर हैदराबादचा उन्हाळा भाजत असताना आत बायका शाली पांघरून आणि पुरुष मफलर बांधून बसत. चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर आम्ही सगळे अनवाणी, कारण धूळ चालत नसे.

पद्धत अशी होती: एकच गठ्ठा दोन माणसांनी वेगवेगळा टाइप करायचा, मग दोन्ही मजकूर कॉम्प्युटरने ताडून पाहायचे. फरक दिसला तर कुणीतरी चुकलं. ती जुळणी बघायचं काम माझं. सरांना छोट्या साबनी नेमलं होतं देखरेखीला. निवृत्त, शिस्तीचे, इंग्रजी चांगलं. शिस्तीचा हा माणूस पहिल्याच आठवड्यात टाइप करणाऱ्यांची मनगटं धरत फिरू लागला.

मुलींची मनगटं धरणं बरं दिसेना, हे त्यांच्याही लक्षात आलं. मग ते महिनाभर जुन्या बाजारात भंगार धुंडाळत हिंडले आणि एक दिवस ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा घेऊन आले. डब्याला वायर, वायरीच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमट्याच्या एका पायाला बारीक तांबडा दिवा आणि दुसऱ्या पायाला तो दिवा बघणारा डोळा. चिमटा कानाच्या वरच्या पाळीला लावायचा. ठोक्याबरोबर पाळीत रक्त येतं, उजेड जरासा अडतो, आणि डबा बोलतो: टिक. बस, एवढंच यंत्र. चिमटा कानाच्या वरच्या अंगाला लावायचे म्हणून सरांनी त्याला नाव दिलं भिकबाळी. बाकीचे त्याला बाली म्हणत. सकाळी आल्या आल्या सरोजा विचारायची, "सर, आज पहले किसकू बाली?"

ही सरोजा अंबरपेठेहून येणारी तेलुगू मुलगी. कचेरीत सगळ्यांत वेगवान. तिची जोडी मकसूदशी. तो दारुशफाकडचा, गप्पिष्ट, पण बोटं तिच्याइतकीच पळणारी.

डबा काय बोलतो ते मला सरांनीच शिकवलं. आमची सगळ्यांची समजूत अशी, की थकलेल्या माणसाची नाडी धावत असणार. सर म्हणाले, "धावते ती पळून आलेल्याची. आपण बोलतोय बसून थकलेल्या डोक्याबद्दल. ते उलटं असतं. मन कामात असलं की ते नाडीला आखडून धरतं. ऐक." सकाळी सरोजाच्या कानाला चिमटा लावून ऐकवलं. टिक, टिक, टिक, सगळे ठोके एका मापाचे, परेडला निघालेल्या शिपायासारखे. दुपारनंतर पुन्हा लावला. तीच सरोजा, बोटं तशीच पळताहेत, पण टिकटिक संथ झालेली आणि श्वासाबरोबर झोके घेणारी. आत श्वास घेतला की ठोके जवळ जवळ, सोडला की लांब लांब. चरून घरी निघालेल्या म्हशीसारखी चाल. "बघ," सर म्हणाले, "मन उठून गेलंय. बोटं तेवढी मागे राहिलीत."

पण ते मला बजावायचेही, की प्रत्येकाची चाल निराळी. ज्याची त्याची सकाळची चाल माहीत असल्याशिवाय दुपारचं काही बोलू नये. त्यांना ती पाठ असे. म्हैस चालायला लागली की ते टाळी वाजवत, "चहा!" मग तो माणूस खाली इराण्याकडे जाऊन उस्मानिया बिस्कीट बुडवून येई. आल्यावर, जिन्याची धाप उतरली, की डब्यात पुन्हा शिपाई.

छोट्या साबना मात्र खिडकीतून दिसत होती ती इराण्याकडे बसलेली आपली माणसं. एक दिवस ते वर आले.

"सर, ये क्या टाइमपास है? जब देखो नीचे चाय."

"थकलेल्याकडून काम करून घेतलं तर चुका होतील," सर शांतपणे म्हणाले. ते छोट्या साबशी मराठीतच बोलत. साबना ते कळे.

"थका है करके कौन बोला?"

"डबा."

छोटे साब डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक है. आज दिखाव. सरोजा और मकसूद, कोई चाय नक्को. आपका डब्बा 'थक गए' बोले, और उसके बाद गलत्या आए, तो मैं मानता. नै आए, तो कलसे डब्बा बंद, चाय बंद, और आप भी घर बैठके आराम करो."

खेळ सुरू झाला. जेवणानंतर बऱ्याच वेळाने सरोजाचा डबा झोके घ्यायला लागला. चिमटा मकसूदच्या कानाला लावला, तिथेही म्हैस. सर म्हणाले, "दोघंही गेली." छोट्या साबनी माझ्याकडे पाहिलं. मी जुळणी लावली. एकही फरक नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावली. फरक नाही. आणखी थोड्या वेळाने पुन्हा. स्वच्छ.

सरोजा मान न वळवता म्हणाली, "मैं बोली ना सर, मैं एकदम ठीक हूँ."

मकसूद म्हणाला, "साब, बाली झूठी निकली. अब उतारू? कान दुख रा."

सगळे हसले. मीही हसलो. सरांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. डबा कानाशी धरून ते पुन्हा पुन्हा ऐकत होते, जणू डब्याने त्यांना फसवलं. मग उगीच हाताला चाळा म्हणून त्यांनी सरोजाने टाइप करून पालथी ठेवलेली कार्डं उचलली आणि एकेक बघायला लागले. बघता बघता थांबले. मला म्हणाले, "अरे, स्क्रीनवर गाव कुठलं आहे?"

मी वाचून दाखवलं.

"आणि कार्डावर?"

कार्डावर दुसरंच होतं. गठ्ठ्यात मध्येच गाव बदललेलं. सकाळपासून शेकडो कार्डांवर एकच गाव टाइप करून बोटांना त्याची सवय झाली होती, आणि गाव बदलल्यावरही दोघांची बोटं जुनंच गाव टाइप करत राहिली होती. सरोजाचीही आणि मकसूदचीही. दोघांची चूक एकसारखी, म्हणून ताडून पाहणारा कॉम्प्युटर खूश आणि मीही खूश. कुठून चूक सुरू झाली ते शोधलं, तर सरांनी "दोघंही गेली" म्हटल्यानंतर थोड्याच वेळाने.

"अय्यो," म्हणून सरोजाने तोंडावर हात ठेवला.

मकसूद म्हणाला, "बाली सच्ची है साब. मैं माफी माँगतूँ, बाली से."

सरांनी आधी टाळी वाजवली आणि त्या दोघांना चहाला पिटाळलं. छोटे साब मात्र उभेच होते. हरल्याचं दुःख त्यांना मुळीच नव्हतं. उलट डोळे चमकत होते.

"सर, आप तो कमाल हैं! ऐसे डब्बे सबके वास्ते बनाते. मेहमान आते अगले हफ्ते, लायब्ररी के. उनकू दिखाते. ऐसी चौकीदारी किसके पास है, बोलो? जिसकी बाली ढीली पडी, उसकी छुट्टी."

"चहाची सुट्टी ना?" सरांनी विचारलं.

"नै सर. घर की. बाहर कितने लोगाँ लाइन में खडे हैं. ताजा आदमी बिठाव."

त्या दिवशी सर चहालाही उतरले नाहीत. संध्याकाळी जिना उतरताना मला एवढंच म्हणाले, "म्हैस घरी जायला निघते ती दूध द्यायला रे. हा तिला खाटकाकडे पाठवतोय." पुढचे चार दिवस त्यांनी कुणाचंही मनगट धरलं नाही. कंडक्टरने स्वतःहून हात पुढे केला, तरीसुद्धा नाही.

पाहुणे आले: एक उंच, पिकल्या केसांच्या बाई आणि एक तरुण गृहस्थ. त्यांच्या सन्मानार्थ आम्ही सगळे मफलर काढून कुडकुडत बसलो होतो. छोट्या साबनी टाय बांधला होता. त्यांनी यंत्राची भरपूर तारीफ केली आणि म्हणाले, आता सर तुम्हाला दाखवतील.

सर पुढे आले. इंग्रजीत म्हणाले, आधी यंत्र स्वतःवर लावतो. खुर्चीत बसले, भिकबाळी कानाला लावली, डबा मांडीवर घेतला, डोळे मिटले. सगळे वाट बघत राहिले. टिक, टिक, टिक. सरांची मान हळूहळू कलली. हनुवटी छातीवर टेकली. आणि मग घोरणं सुरू झालं.

कुणीतरी फिसकन हसलं. छोट्या साबचे कान तांबडे झाले. "सर!" ते दातांतून म्हणाले. "सर, उठो!" त्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. स्वतः हसू दाबत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, या बिचाऱ्यांना विश्रांती हवी आहे. तुमच्याकडे कामाच्या मध्ये माणसांना विश्रांती कधी मिळते? छोट्या साबना त्या क्षणी सुचलं ते बोलून गेले: सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मॅडम, सगळ्यांना, रोज. बाई म्हणाल्या, छान, हे आपल्या करारात घालू या.

हे सगळं चाललं होतं तेव्हा सरोजा माझ्या शेजारी बसली होती. तिने मला कोपर मारलं आणि पुटपुटली, "सुनो. बाली क्या बोल री."

मी ऐकलं. घोरणं वरखाली होत होतं, फुरफुरत होतं, पण डबा? टिक, टिक, टिक, टिक. भरभर, सगळे ठोके एका मापाचे, परेडचा शिपाई. झोपलेल्या माणसाची नाडी अशी चालूच शकत नाही. तिथे त्या खोलीत सगळ्यांत मन लावून कुणी काम करत असेल, तर ते सर.

मी सरोजाला म्हणालो, "चूप." ती लगेच स्क्रीनकडे वळली आणि टाइप करायला लागली. तिचे खांदे हलत होते.

पाहुणे गेल्यावर छोट्या साबनी डबा कपाटात कोंबला आणि पुन्हा काढायचा नाही असं बजावलं. सरांना म्हणाले, "सर, आप अब घर पे आराम करो." ते रागाने बोलले नाहीत, हे मला सांगायला हवं. त्यांना खरंच वाटलं, की म्हातारा माणूस आहे, थकला. सरांनी सगळ्यांना हात जोडले आणि आपल्या चपला शोधून खाली उतरले. मी मागे धावलो. दुकानाच्या पायरीवर त्यांना गाठलं.

"सर, तुम्ही झोपला नव्हतात."

"कशावरून?"

"शिपाई चालत होता."

सरांनी माझे दोन्ही खांदे धरले. इतका आनंद झालेला माणूस मी क्वचित पाहिला आहे. "इतकी वर्षं बेडूक फाडून दाखवले रे, पण विद्यार्थी असा मिळालाच नाही! मिळाला तो आज, नोकरी गेल्यावर!" मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "आणखी कुणाला कळलं?"

"सरोजाला."

"ती हुशारच आहे. दोघंही गप्प बसा. हे कळलं तर तो उद्या डबा बाहेर काढेल. उलट, तू ही गोष्ट सांगत जा. सगळ्यांना सांग. आणि सांगताना घोरणं जरा मोठं कर. माझं काही विशेष जमलं नाही."

म्हणून मी सांगत गेलो. सांगता सांगता रंगत आली, मग शिट्टी आली. छोट्या साबनी कचेरी कधीच विकली, सर गेले, काकूही गेल्या. गोष्ट लपवायचं काही कारण उरलं नाही. तरी मी सांगतच राहिलो, कारण लोक हसत आणि त्या हसण्याची मला सवय झाली होती. सरांच्या मुलीपुढेही माझं तोंड सवयीनेच बोललं.

पहिल्यांदा ही गोष्ट मी सांगितली ती सरांच्याच घरी, पाहुणे येऊन गेल्यानंतरच्या रविवारी. काचीगुड्याची पाच-सात मित्रमंडळी जमली होती. मी घोरून दाखवलं. सर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते. काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"घोरत होते? हे? अहो, लग्न झाल्यापासून ह्यांनी एकदाही..."

सर त्यांच्याकडे बघत होते. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बशा खाली ठेवल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "हल्ली काय विचारता! रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाहीत."